ब्लँकेट गुंडाळून भागत नाही

(हाय-फाय, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअरविषयी वाचकांचे प्रश्न, उत्तरं ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याची)

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. माझी जुनी सिस्टिम मुलीकडे नागपूरला पाठवायची आहे. जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर, प्रत्येकी साधारण ३० किलो. २४ किलोचा अ‍ॅम्प्लिफायर. आणि एक रेकॉर्ड प्लेअर. मूळ खोकी कधीच रद्दीत गेली. पॅकर्सचा माणूस म्हणतो, ‘काका, ब्लँकेटमध्ये गुंडाळतो, वर बबल रॅप, काही होत नाही.’ विश्वास ठेवू का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कपाटापुरता ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरपुरता नको. तो माणूस खोटं बोलत नाही. ब्लँकेटने ओरखडे वाचतात आणि फर्निचरचं मुख्य दुखणं ओरखडे हेच असतं. पण प्रवास करून माझ्या टेबलावर येणारी बरीच यंत्रं बाहेरून कोरी करकरीत असतात. हलवली की आत काहीतरी खुडखुडतं.

वजन कुठे आहे ते बघा. अ‍ॅम्प्लिफायरच्या वजनाचा मोठा वाटा एकट्या ट्रान्सफॉर्मरचा, आणि तो बहुधा एका बाजूला बसवलेला. गोल, टोरॉइडल असेल तर सहसा मधल्या एकाच बोल्टवर बसलेला. खोका आपटला की खोका थांबतो, ट्रान्सफॉर्मर थांबत नाही. बोल्ट वाकतो, खालचा पत्रा वाकतो, शेजारच्या बोर्डाला तडा जातो. स्पीकरमध्ये तेच वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, लोहचुंबकाचं. तो चिकटवलेला असतो. दणक्याने केसभर सरकला तरी व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) घासू लागते आणि ढोलकी-तबल्याला खरखर येते. जाळीवर मात्र चरा नसतो.

आता अ‍ॅम्प्लिफायर. सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवूडचा, यंत्रापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा तुकडा कापून घ्या. यंत्राचे रबरी पाय काढा आणि त्याच भोकांतून ते प्लायवर स्क्रूने आवळा. स्क्रूची लांबी मोजून घ्या, जादा लांब स्क्रू आत जाऊन कशाला तरी टेकेल. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट तपासायचा असेल तर मेकॅनिककडून. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा साठा राहू शकतो, तेव्हा झाकण तुम्ही उघडू नका. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुना सेट असेल तर व्हॉल्व्ह काढून, खुणा करून वेगळे गुंडाळा.

मग दोन खोकी. आतल्यात यंत्र आणि भोवती दाट, न दबणारा फोम. बाहेरचा खोका सात प्लायचा, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याचा, आणि दोहोंमध्ये सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर फोम. थर्मोकोलचे सुटे गोळे अजिबात नकोत. प्रवासाच्या हादऱ्यांनी जड वस्तू त्यांतून हळूहळू खाली उतरते, चिखलात दगड उतरावा तशी, आणि तळाला टेकते. पावसाळ्यात पाठवत असाल तर यंत्राभोवती प्लास्टिकची पिशवी हवीच. पुठ्ठा ओलसर झाला की त्यातला जीव जातो.

स्पीकरचे टोकदार पाय काढा. पॉलिशवर आधी जुनी सुती साडी, मग बबल रॅप. उन्हात तापलेल्या टेम्पोत बबल रॅपचे ठिपके पॉलिशवर उमटतात. समोर कडक पुठ्ठा असा लावा की तो लाकडी कडांवर टेकेल, कोनला (स्पीकरच्या पडद्याला) शिवणार नाही. दोन स्पीकर, दोन वेगळे नग. रेकॉर्ड प्लेअरचं हेडशेल (सुई बसते तो तुकडा), काउंटरवेट (मागचं वजन), प्लॅटर (फिरती थाळी) आणि झाकण सुटं करून वेगवेगळं गुंडाळा, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, मऊ दोरीने बांधा. डेक स्प्रिंगवर असेल तर त्याला वाहतुकीचे स्क्रू असतात, ते आवळा.

हमालाचाही विचार करा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पुढे माल भिवंडीच्या गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला, तर हात आणखी बदलले. ‘नाजूक’ लिहिलेला कागद तिथे कोण वाचत बसतो? माझ्या मते २५ ते ४० किलोचा नग सर्वांत वाईट: एकट्याला उचलता येतो, पण हळू ठेवता येत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या नगांखाली लाकडी पट्ट्या ठोकून घ्या. मग दोघांनाच धरावा लागतो आणि फेकता येत नाही. भाडं थोडं वाढेल, वाढू द्या.

कागदाचंही सांगतो. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, मालाची खरी किंमत लिहा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. १,५०० रुपये भाडं दिलंत तर १५,००० च्या पुढे अपेक्षा नको. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. विमा काढलात तर पॉलिसी वाचा. बाहेर खूण नसताना आत झालेला बिघाड अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, आणि आपलं दुखणं नेमकं तेच. बांधण्याआधी सिस्टिम वाजवून व्हिडिओ काढा, नागपुरात उघडतानाही काढा.

प्रश्न : माझा सबवूफर वजनकाट्यावर २२ किलो भरतो. कोचीच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा तर कुरिअरवाला ३७ किलोचे पैसे मागतो. फसवतोय का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : बहुधा नाही. हवाई कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. येतं ते आकाराचं वजन, आणि ते काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचेच. तुमचा खोका ५५ × ५५ × ६० असेल तर ३६.३ किलो येतात, वर पूर्णांक धरला की ३७. पैसे वाचवायला फोम कमी करू नका, रस्त्याने पाठवा. तिथला भाजक विचारून घ्या, तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

प्रश्न : भावाला अमेरिकेत बेल्टवाला जुना रेकॉर्ड प्लेअर पाठवायचा आहे. सुतार फळ्यांची पेटी करून देतो म्हणतो. चालेल?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : साध्या कच्च्या फळ्यांची नाही चालणार. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य धुरी दिलेलं असावं लागतं, आणि त्यावर तसा शिक्का लागतो. किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून. प्लायवूडला यातून सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता, गोंद आणि दाबातून जातं. पूर्ण प्लायवूडचीच पेटी करायला सांगा, आतल्या आधाराच्या पट्ट्यासुद्धा प्लायच्याच.

पण त्याआधी मोटर बघा. जुन्या बेल्टवाल्या प्लेअरच्या मोटरचा वेग सहसा विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं त्यावर ठरतो. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, तिथे ६०. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला तरी फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४० फेऱ्यांनी फिरेल आणि भीमसेनजी घाईत गातील. ६० हर्ट्‌झची पुली मिळते का ते मॉडेल नंबर घेऊन आधी शोधा, पेटीचं माप नंतर द्या.