जुनी गाडी चालवत राहू की नवी घेऊ?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी 12 वर्षांची झालीये, लिटरला 15 किमी देते, बाकी ठणठणीत आहे. घरचे म्हणतात नवी घे, 20 चं अ‍ॅव्हरेज मिळेल, प्रदूषणही कमी होईल. पण नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतंच ना?

उत्तर: होतं, आणि भरपूर होतं. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, काच, प्लास्टिक, सगळं भट्ट्यांमधून आणि वीज खाऊन येतं, त्यामुळे एक मध्यम पेट्रोल गाडी शोरूमला पोचेपर्यंत ढोबळमानाने 6 टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तुमच्या गाडीचा हा खर्च केव्हाच होऊन गेलाय.

आता हिशोब बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला 10,000 किमी धरले तर तुम्हाला 667 लिटर लागतं, नव्या गाडीला 500, म्हणजे वाचले 167 लिटर, साधारण 385 किलो. या वेगाने 6 टन भरून यायला साडेपंधरा वर्षं लागतील! तोवर ती नवी गाडीपण म्हातारी होईल. पण वर्षाला 30,000 किमी होत असतील तर हेच 5 वर्षांवर येतं, म्हणून आधी स्वतःचं रनिंग बघा, गाडीचं वय नंतर.

इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर गणित बदलतं. बॅटरीमुळे ती बनवताना पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बन जातो पण चालवताना बराच वाचतो, अर्थात वीज कोळशाची असेल तर फायदा हळू मिळतो आणि सौर किंवा पवनऊर्जेची असेल तर लवकर. रनिंग जास्त असेल तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, तुम्ही जुनी गाडी विकली म्हणून ती रस्त्यावरून गायब होत नाही, दुसरं कोणीतरी चालवतंच.

फक्त धुराकडे दुर्लक्ष करू नका. कार्बनचा हिशोब वेगळा आणि फुप्फुसात जाणारा धूर वेगळा, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब झालेली किंवा ऑइल जाळणारी गाडी शेजारपाजारच्या मुलांना त्रास देते, तिथे मात्र जुनी ठेवण्याचा आग्रह नको. दुरुस्त होत असेल तर आधी ती करा, टायरमधली हवा नीट ठेवा, आणि जवळच्या कामांना गाडी काढूच नका कारण थंड इंजिन सुरुवातीच्या एकदोन किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त घाण सोडतं.