चिरा देऊनही गाठ परत का येते?

प्रश्न : माझे वय ३६ आहे. गेल्या वर्षी योनिमुखाच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ येऊन ठणकू लागली, तेव्हा चिरा देऊन पू काढला. आता त्याच जागी पुन्हा फुगवटा आला आहे. तो दुखत नाही, पण स्कूटरवर बसताना आणि संबंधाच्या वेळी त्रास होतो. सासूबाई शेकायला सांगतात. हा कर्करोग तर नसेल? ग्रंथीच काढून टाकावी का?

उत्तर : तुम्ही गाठीची जागा नेमकी सांगितलीत, त्यामुळे अर्धे निदान सोपे झाले. योनिमुख म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर चार आणि आठ या आकड्यांजवळ ओलावा निर्माण करणारी एकेक बार्थोलिन ग्रंथी असते. एरवी वाटाण्याएवढी असलेली ही ग्रंथी हाताला लागतही नाही. पण तिच्या साधारण दोन सेंटिमीटरच्या नलिकेचे तोंड बुजले, की स्राव आत साठून गाठ होते आणि जंतुसंसर्ग झाला की तिचेच गळू होते. तुमच्या वर्णनावरून हीच शक्यता अधिक वाटते, तरी प्रत्यक्ष तपासणी हवीच. बाहेरच्या ओठांवरच्या लहान, टणक, पिवळसर गाठी बहुधा त्वचेच्या असतात आणि बोटाखाली सरकणारी मऊ गाठ चरबीची असू शकते. त्या त्रास देत नसतील तर तशाच ठेवता येतात. फुलकोबीसारखे खरखरीत कोंब मात्र विषाणूमुळे आलेले चामखीळ असू शकतात व त्यांचे उपचार निराळे आहेत.

नुसता चिरा काही दिवसांत भरून येतो आणि तोंड पुन्हा बंद होते, म्हणून गाठ परतते. खरी गरज असते ती स्राव वाहून जाण्यासाठी कायमची वाट करून देण्याची. त्यासाठी जागा बधिर करून टोकाला फुगा असलेली बारीक रबरी नळी आत बसवतात, फुग्यात दोन-तीन मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात आणि ती चार ते सहा आठवडे तशीच ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत गाठ उघडून तिच्या आतल्या अस्तराच्या कडा बाहेरच्या त्वचेला टाके घालून जोडतात. पूर्ण ग्रंथी काढणे हा माझ्या मते शेवटचा पर्याय आहे, कारण तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे असल्याने रक्तस्राव बराच होऊ शकतो आणि पुढे व्रण दुखत राहण्याची शक्यता असते.

तुमच्या वयात कर्करोगाची शक्यता फारच कमी आहे. चाळिशीनंतर नव्याने आलेली गाठ किंवा कोणत्याही वयात टणक, खाली चिकटलेली, वाढत जाणारी वा जखम होऊन रक्त येणारी गाठ असेल, तर तिचा तुकडा काढून तपासणे योग्य.

सासूबाईंचा सल्ला चुकीचा नाही. टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. लहान गाठ कधी कधी एवढ्यानेच आपोआप फुटून मोकळी होते. ती स्वतः पिळू नका, सुईने टोचू तर मुळीच नका. ताप, लाली किंवा ठणका सुरू झाला, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि गेल्या वर्षीचे कागद सोबत न्या, म्हणजे तेव्हा नुसता चिराच दिला होता का, हे त्यांना कळेल.