संगणक-शंका : व्हायरस गेला, चौकट मात्र रोज येते

प्रश्न : नमस्कार सर. माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून कॉम्प्युटरला व्हायरस लागला, तो अँटिव्हायरसने काढला. आता स्कॅनमध्ये काही सापडत नाही, पण मशीन सुरू केलं की रोज 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' नावाची चौकट येते : अमुक स्क्रिप्ट फाइल सापडत नाही. ओके दाबलं की काम नीट चालतं. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारावं लागेल. लग्नपत्रिकांची सगळी डिझाइनं त्यातच आहेत. काय करू?

उत्तर : ताई, एवढ्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. असल्या व्हायरसने दोन गोष्टी केलेल्या असतात. एक, स्वतःची स्क्रिप्ट फाइल (विंडोजला द्यायच्या हुकमांची यादी) कुठेतरी लपवायची. दोन, 'मशीन सुरू झालं की ही फाइल चालव' अशी नोंद विंडोजमध्ये करून ठेवायची. अँटिव्हायरसने फाइल उडवली, नोंद राहिली. विंडोज रोज ती नोंद वाचतं, फाइल शोधतं आणि नाही म्हणून सांगतं. काढायची आहे ती फक्त नोंद. (काही जणांना हीच तक्रार 'रनडीएलएल' नावाच्या चौकटीत दिसते. उपाय तोच.)

आधी डिझाइनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं काही असलं तर तेही सापडण्याची शक्यता जास्त.

पुढच्या वेळी चौकट आली की ओके दाबण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढा. त्यातलं फाइलचं नाव अक्षर न् अक्षर हवं. फाइलचा पत्ता बहुतेकदा 'ॲपडेटा'च्या पोटातल्या 'रोमिंग' फोल्डरचा असतो.

आता मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून 'ऑटोरन्स' हे फुकट साधन उतरवा. ते मूळ 'सिसइंटर्नल्स'चं. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. इन्स्टॉल करावं लागत नाही. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. विंडोजसोबत जे जे आपोआप सुरू होतं त्याची लांबलचक यादी येईल. ज्यांची फाइल जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या दिसतात. पण पिवळं दिसलं की उडव, असं करू नका. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचे अवशेषही पिवळेच दिसतात. फोटोतलं नाव वरच्या फिल्टरच्या चौकोनात टाका आणि तीच ओळ शोधा. सापडली नाही तर 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज'वर टिक आहे का पाहा, असली तर काढा. ही स्क्रिप्ट विंडोजच्या स्वतःच्या 'डब्ल्यूस्क्रिप्ट'कडून चालवून घेतलेली असते, म्हणून तिची नोंद मायक्रोसॉफ्टच्या नावाआड दडू शकते. त्याच कारणाने 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा 'रनडीएलएल३२' या फाइलींना हात लावू नका. त्या विंडोजच्या आहेत.

ओळ मिळाली की आधी नुसती टिक काढा आणि रीस्टार्ट करा. चौकट आली नाही, चार दिवस काम सुरळीत चाललं, की मग ती ओळ डिलीट करा. चौकट दिवसभरात पुन्हा पुन्हा उगवत असेल तर नोंद ऑटोरन्समधल्या 'शेड्यूल्ड टास्क्स'च्या टॅबमध्ये असणार.

'हरवलेली फाइल' इंटरनेटवरून आणून जागेवर ठेवायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. गेलेला व्हायरस आपल्याच हाताने परत आणणं आहे ते.

दुकानातले सगळे पेनड्राइव्हही तपासा. असा व्हायरस खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. अशा शॉर्टकटवर डबल क्लिक नको. राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा 'सीएमडी' दिसलं तर तो सापळा. मूळ फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात, कधी नाव नसलेल्या फोल्डरमध्ये. 'हिडन आयटम्स' दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक काढा, म्हणजे दिसतील. गिऱ्हाइकाला सांगा, डेटा गेलेला नाही. बोर्डाच्या फॉर्मच्या दिवसांत मुलं अशा वेळी रडकुंडीला आलेली असतात.

प्रश्न : माझीही चौकट तशीच, फाइलचं नाव 'रन डॉट व्हीबीएस'. पण ओके केल्यावर पडदा काळाच राहतो, डेस्कटॉप येतच नाही.

उत्तर : तुमच्याकडे नोंद लॉगिनच्या जागीच घुसली आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. नवीन टास्क म्हणून 'एक्सप्लोरर' चालवा, डेस्कटॉप येईल. ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने 'रेजएडिट' (विंडोजच्या नोंदी बदलायचं साधन) उघडा. 'एचकी लोकल मशीन'खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन असं आत जा. आधी 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा. 'यूजरइनिट'मध्ये सिस्टिम३२ मधल्या यूजरइनिट डॉट ईएक्सईचा पत्ता आणि शेवटी स्वल्पविराम, एवढंच हवं. त्यापुढचं स्क्रिप्टचं शेपूट काढा, स्वल्पविराम राहू द्या. शेजारच्या 'शेल'मध्ये फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई आहे ना, तेही बघून घ्या, मग रीस्टार्ट करा.