समजतं, पण बोलता येत नाही

ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमध्ये मी विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एक असलेल्या नवाहो जमातीचा मुलुख इथून जवळच. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत तो पसरला आहे. तिथून शिकायला आलेल्या मुली पुन्हा पुन्हा एकच विचारतात: "मला भाषा येत नाही, मग मी खरी नवाहो कशी?" पुढची हकिगत अशा अनेकींची मिळून एक केली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती नर्सिंग शिकत होती. झोप येत नाही म्हणून आली. आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे, जाणं तिने थांबवलं होतं. आधी परीक्षेचं कारण सांगितलं, खरं कारण बऱ्याच भेटींनंतर आलं. घरी सगळे जेवायला जमले असताना ती नवाहोत एक वाक्य बोलली, एका स्वराची पट्टी चुकली, आणि त्या भाषेत पट्टी बदलली की शब्दच बदलतो. मावश्या हसल्या.

"प्रेमानेच हसल्या," ती म्हणाली, "पण मग माझं तोंडच उघडेना."

किनाल्दा, म्हणजे मुलगी वयात आल्यावर होणारा चार दिवसांचा विधी, तिचा झाला होता. पहाटे पूर्वेकडे धावली होती, मका दळला होता, जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर मक्याचा मोठा केक भाजला होता. "पण रात्रभर गाणी चालली ती मला कळली नाहीत. मी नुसती धावले."

हा दाब मनातला नाही. २०१४ साली नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या सरकारच्या, अध्यक्षपदाचा एक उमेदवार भाषा अस्खलित येत नाही म्हणून बाद झाला. पुढच्या वर्षी लोकांनी मतदान करून ती अट सैल केली, पण तो वाद घराघरांत झाला आणि या मुलींनी तो ऐकला.

एकदा मी सहज विचारलं, "आजी फोनवर काय म्हणाली?"

तिने भराभर सांगितलं. कोकरू आजारी आहे, पाण्याचं पिंप भरून आणायला मामा आला नाही, रस्ता चिखलाने बंद आहे.

"आजीला इंग्रजी येतं?"

"अजिबात नाही."

"मग हे तुला कोणी सांगितलं?"

ती थांबली. खूप वेळ थांबली. "मीच ऐकलं," ती म्हणाली आणि रडू लागली. हा प्रश्न आता मी बहुतेक सगळ्यांना विचारते, आणि तो क्वचितच वाया जातो.

पण भाषा कानात असून ओठांवर का नाही? माणसाची लाज मी त्याच्या एकट्याची मानत नाही, घरात मागे जाऊन बघते. तिला आईशी बोलायला सांगितलं. आजीच्या भावंडांना सरकारी वसतिशाळेत नेलं होतं. तिथे नवाहो बोललं की साबणाने तोंड धुवायचे. आजी मेंढरांमागे राहिली म्हणून वाचली. लेकीच्या तोंडी ही भाषा नसली तर तिला कोणी छळणार नाही, असं आईला वाटलं होतं. आईवरचा तिचा राग त्या दिवशी बराच उतरला. व्याकरणाच्या वर्गाआधी हे बोलणं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

इथले मराठी आईबापही सांगतात, मुलांना समजतं पण बोलत नाहीत. त्यांची तुलना मी या मुलींशी करू देत नाही. त्या मुलांच्या आजीला मराठीसाठी कोणी शिक्षा केलेली नसते, आणि पाठीशी अख्खा महाराष्ट्र असतो.

अशा मुलींना मी सांगते, सुरुवातीला ऐकणारं एकच माणूस निवडा आणि त्याला स्पष्ट सांगा, महिनाभर हसायचं नाही, चूक काढायची नाही. चार कुळांची नावं सांगून स्वतःची ओळख करून देणं तुम्हाला बहुधा येतंच. तिथून सुरू करा, मग मेंढ्या, भाकरी, पाणी. अडलं तिथे इंग्रजी शब्द बेलाशक घाला. लिहिणं-वाचणं मागून शिकता येतं. त्यासाठी त्सेलीला नवाहोंचं स्वतःचं, १९६८ साली स्थापन झालेलं दिने कॉलेज आहे. मृताला स्पर्श टाळण्याची रीत आणि नर्सिंगचं काम यांचा मेळ कसा घालायचा, हे मात्र मला विचारू नका. ते घरच्या वडीलधाऱ्यांना आणि विधी करणाऱ्या हतालींना विचारा. ते सांगण्याचा अधिकार त्यांचा.

तिने मोठ्या मावशीला निवडलं. हल्ली ती आजीशी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल नवाहोत बोलते, आणि अडेल तिथे मावशी शब्द पुरवते.