समुद्रकाठच्या पक्षी-केंद्रात पाऊस-वाऱ्याने रोजचं काम अडतं का?

तुम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, हिवाळ्यात तीन महिने किनाऱ्यावरच्या केंद्रात मदतनीस म्हणून जाणार, म्हणून विचारताय. अडतं ते जाळ्यांचं काम, म्हणजे पक्षी पकडून त्यांच्या पायात ओळखीच्या रिंगा घालायचं. बाकीचं उलट वाढतं. पण जाळ्यांवरच आधी लिहितो, कारण त्यावरून एका कॅम्पप्रमुखाशी माझं वाजलं होतं.

आपल्याकडच्याच एका मालगुजारी तलावाची पाळ. डिसेंबरातलं अवकाळी आभाळ, रिंगा घालायचा कॅम्प, १२ मीटरची चार मिस्ट नेट, म्हणजे पक्षी धरायची बारीक धाग्याची जाळी, आस (जाळ्याचं भोक) १६ मिलिमीटर. शिंतोडे सुरू झाले. मी म्हटलं गुंडाळू. ते म्हणाले, झिमझिम तर आहे, पकडलेल्या पक्ष्यांचा आकडा कमी आहे, अजून एक फेरी होऊ द्या. आता झिमझिम पावसात जाळ्याचं काय होतं ते बघा. आसाआसात थेंब लटकतात, जाळं लांबून चकाकतं आणि निम्मे पक्षी वळून जातात. म्हणजे ज्या आकड्यासाठी थांबलो तोही मिळत नाही. पाण्याच्या वजनाने जाळ्याचा खालचा खिसा, म्हणजे पक्षी ज्यात पडून अडकतो तो झोळ, लोंबून गवताला टेकतो. जो अडकतो तो जेमतेम १० ग्रॅमचा वटवट्या. पिसं भिजली की त्यांच्यात धरलेली हवा जाते आणि अंगातली ऊब टिकत नाही. त्यात ओला धागा पिसांना चिकटतो, आपली बोटं गारठलेली, एरवी मिनिटात सुटणारा पक्षी चार-पाच मिनिटं घेतो. त्या फेरीत चार निघाले. तीन फुगून बसले. त्यांना मापं न घेता कोरड्या कापडी पिशवीत, उबदार खोक्यात ठेवलं आणि तरतरीत झाल्यावर सोडलं. चौथा उडाला नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला थेंब पडायच्या आधी गुंडाळायला लागायचं. दोघांना एक रिकामं जाळं गुंडाळायला दोन-तीन मिनिटं पुरतात, पण पक्षी असलेली चार जाळी म्हणजे सहज वीस मिनिटं. आधी पक्षी काढा. मग दोन्ही खांबांवरचे सगळे फास (जाळं खांबाला अडकवायच्या दोरीच्या कड्या) एकत्र आणा, जाळ्याला घट्ट पीळ द्या, आणि दीड-दीड मीटरवर कापडाच्या पट्टीने बांधा. पट्टी टाळली की वाऱ्याने एखादा खिसा सुटतो, त्यात पक्षी सापडतो, आणि बंद जाळ्याकडे फेरी मारायला कोणी जात नाही. गडगडाट ऐकू आला तर धातूच्या खांबांजवळ थांबू नका. विजेचं आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

किनाऱ्यावर पावसापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त. ताशी २० किलोमीटरच्या वर वारा गेला की जाळं शिडासारखं फुगतं, खिसे सपाट होतात, पक्षी आपटून परत जातो किंवा नको तसा गुंततो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून पहाटेचं काम, तेही झुडपांच्या आडोशाने.

कोणता किनारा ते आधी विचारा. कोकणात हिवाळा बहुतेक कोरडा. पण तमिळनाडूतल्या पॉइंट कॅलिमेरला, जिथे बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) रिंगिंगचं जुनं काम आहे, ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ, आणि स्थलांतरित पक्षीही तेव्हाच येतात. १६ नोव्हेंबर २०१८ चं गज चक्रीवादळ तिथेच, वेदारण्यमजवळ धडकलं. दिवाळीनंतर पाऊस संपला, हा आपला हिशेब तिथे चालत नाही.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मोजणी घड्याळावर नाही, भरतीवर चालते, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पाणी चढलं की चिखल्या, तुतारी असे किनाऱ्यावरचे पक्षी उरलेल्या कोरड्या पट्टीवर गोळा होतात. वारा समुद्राकडून जोरात असेल तर पाणी भरतीच्या तक्त्यापेक्षा वर येतं आणि थवा आधीच उठून जातो. अशा दिवशी तासभर आधी पोचा.

दुर्बिणीवर खारा तुषार बसला तर आधी गोडं पाणी, मगच कापड. कोरडं पुसलं की काचेवर ओरखडे. जाळीही गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायची. लिहायला पेन्सिल. वजनकाटा वाऱ्यात हलतो, भिंतीआड नाहीतर बादलीत धरून वाचा.

वादळानंतर किनारा चालायचा. कोकणात पावसाळ्यात मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून वाळूवर येतात. लोक त्यांना परत पाण्यात ढकलतात, तसं करू नका. खोक्यात ठेवा, वनखात्याला कळवा.

आणि नोंद. त्या कॅम्पप्रमुखाने त्या दिवसाचा तक्ता कोरा सोडला, वर मलाच म्हणाले, काम झालंच नाही तर लिहायचं काय? लिहायचं हे: ‘चार जाळी, ६:१० ते ७:०५ उघडी, पाऊस, बंद.’ हे नसेल तर पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणणार, पक्षी घटले. उघडं जाळं किती तास होतं हेच माहीत नसताना!

हो, एक राहिलं. वाऱ्याची मर्यादा प्रत्येक केंद्राची आपली असते, तिथली पाळा. आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय पक्ष्यांसाठी जाळं लावणं गुन्हा आहे, म्हणून घरी मिस्ट नेटचा सराव करू नका. ढिवरांकडून जुनं मासळीचं जाळं मागा, घरात दोन बांबूंना ताणा, बादलीभर पाणी ओता आणि थंड हातांनी गुंडाळून पट्ट्या बांधायला किती मिनिटं लागतात ते मोजा. पाचाच्या वर गेली तर अजून आठवडाभर करा.