आचाऱ्याचा वास गेला, तर नुकसान किती टक्के?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले. माझे पती (वय 38) लग्नाच्या पंगतींचे आचारी आहेत. पाच महिन्यांपूर्वी पहाटे सायकलवरून कामाला जाताना सावदा-फैजपूर रस्त्यावर मागून मोटारसायकलने उडवले. डोक्याला मागच्या बाजूने मार बसला, उजवे मनगट मोडले. समोरच्यांनी दवाखान्याचे 30,000 रुपये भरले आणि ‘यापुढे काही मागणी नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले. पोलिसांत कुणी गेले नाही. हाड जुळले, पण त्यांना कसलाच वास येत नाही. विसरतात, चिडतात. मसाला करपला तरी कळत नाही, म्हणून कामे सुटली. डॉक्टर म्हणतात, वर्षभर वाट पाहा. आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल, पण वर्षभर थांबून नाही. याच महिन्यात करा.

डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. नाकाच्या वरच्या भागातल्या चाळणीसारख्या हाडातून वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा दणका बसला की मेंदू आत हलतो आणि हे धागे तुटतात. वास परत यायचाच असेल तर बहुधा पहिल्या वर्षात येतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या आहेत, तरी त्या भरवशावर बसू नका. अर्ज आता दाखल करा. साक्षीपुरावा पुढे होतो, तोवर डॉक्टरांचे वर्षही भरेल. तुम्ही राहता तो जिल्हा चालतो, म्हणजे जळगावचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण.

अर्जात वास, विसराळूपणा, चिडचिड, मनगट, पुढचा औषधोपचार, सगळे आजच लिहून घ्या. निकाल एकदाच लागतो. त्यानंतर दुखणे वाढले म्हणून पुन्हा भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागाप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग (2002) या निकालात सांगितले आहे. त्याच निकालाप्रमाणे, पुराव्यात बसत असेल तर न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देऊ शकते.

त्या स्टॅम्पपेपरने घाबरू नका. दुखापत किती खोल आहे हे कुणालाच माहीत नसताना ती सही झाली, आणि माझ्या मते तेवढ्याने हक्क जात नाही. मिळालेले 30,000 फार तर वजा होतील. उलट त्या कागदावर गाडीचा नंबर आणि चालवणाऱ्याचे नाव असेल, तर अपघात त्याच गाडीने झाला याचा तो पुरावाच आहे. मूळ प्रत जपून ठेवा. पोलिसांत लेखी तक्रार आताही द्या आणि उशीर का झाला ते खरे लिहा. तक्रारीला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा पडत नाही (रवी विरुद्ध बद्रीनारायण, 2011). दवाखान्यातून पहिल्या दिवसाची नोंद आणि सीटी स्कॅनचा अहवाल मागून घ्या.

खरी लढाई टक्क्यांची होईल. मनगटाच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र कदाचित दहा टक्क्यांच्या आसपास येईल, आणि वास जाणे तर 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या 21 प्रकारांत नाहीच. मोटारसायकलची विमा कंपनी त्या आकड्यावर बोट ठेवेल. पण राजकुमार विरुद्ध अजय कुमार (2010) हा निकाल सांगतो की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे. डावा हात गेलेला सुतार जवळपास शंभर टक्के कमाई गमावतो, सरकारी कारकुनाचे तसे होत नाही. खोबरे किती भाजले, भरिताची वांगी पऱ्हाटीवर कितपत धुरावली, फोडणी कधी उतरवायची, हे आचारी नाकाने ठरवतो. न्यायाधीशांना हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून वासाची तपासणी करून घ्या आणि त्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवा. ज्यांच्याकडे वरण-बट्टीची पंगत त्यांनी रांधली, असे दोन यजमानही हवेत. विसराळूपणा आणि चिडचिड यांची साक्ष तुमच्याइतकी कुणीच देऊ शकणार नाही.

फरक केवढा पडतो ते बघा. महिना 15,000 कमाई धरली तर वर्षाचे 1,80,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळतात, म्हणजे 2,52,000. वय 38 ला गुणक 15, म्हणजे ही रक्कम 15 ने गुणायची. कमाईचे नुकसान 10 टक्के ठरले तर 3,78,000 होतात, 40 टक्के ठरले तर 15,12,000. औषधोपचार आणि वेदनांची रक्कम वेगळी. कमाईसाठी हिशोबाची वही, फोनवर आलेले पैसे, सुपारी घेतल्याच्या चिठ्ठ्या गोळा करा. सायकलवर हेल्मेट नव्हते, असे कुणी म्हणाले तर कलम 129 ची हेल्मेटसक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही.

एक धोका आहे. विमा कंपनी कलम 164 खाली, चूक कुणाची हे न पाहता, गंभीर दुखापतीचे ठरलेले 2,50,000 देऊ करेल. ते स्वीकारले की कलम 166 चा दावा संपतो. लोकअदालतीतल्या तडजोडीवरही अपील नाही. डॉक्टरांचे मत हातात येईपर्यंत कुठेच सही करू नका. मोटारसायकलचा विमा नसेल तर मालकाला द्यावे लागेल, म्हणून एमपरिवहन ॲपवर विमा आजच तपासा.

आणि ताई, वास नसलेला माणूस मोठ्या शेगडीपाशी उभा राहतो, त्याला गॅसची गळती कळणार नाही. गॅस गळतीचा अलार्म घरी आधी बसवा, कामावरही सोबत न्यायला सांगा. त्याची पावती ठेवा, तोही खर्च दाव्यात मागू.