सातवीतली पोरं आणि खर्रा

प्रश्न : आमच्या गावात सातवी-आठवीतली मुलं खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेलं मिश्रण) खातात. शाळेत एकदा झडती घेतली, चौघांना प्रार्थनेच्या वेळी उभं केलं. त्यातला एक आता शाळेतच येत नाही. आम्ही गावकऱ्यांनी काय करावं?
– शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्य, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : झडती थांबवा. चारचौघांत मान खाली घालायला लावलं की पोरगं खर्रा सोडत नाही, लपवायला शिकतं. आणि शाळा सुटली, तर त्याला पानठेल्यावर बसायला दिवसभर मोकळीक.

सुरुवात मोठ्यांपासून करा. ‘जा रे, एक खर्रा घोटून आण’ असं म्हणून घरचेच पोराला पिटाळतात, तिथेच त्याची ठेल्यावर ओळख होते. म्हणून ग्रामसभेत पहिला ठराव हाच घ्या : खर्रा आणायला कुणीही मुलांना धाडणार नाही. बचत गटाच्या बायकांनी ही गोष्ट मनावर घेतली तर तो पाळला जातो, नाहीतर ठराव कागदावरच राहतो.

मग विक्री. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. हे अंतर फाटकापासून रस्त्याने मोजू नका. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत सगळीकडे टेप लावा आणि पिवळा पट्टा मारा. खर्रा-माव्याच्या विक्रीवर तर राज्यात बंदीच आहे. तरीही ठेलेवाल्याशी आधी सरपंच आणि मुख्याध्यापकांनी बोलावं. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे बहुतेकांना माहीतच नसतं. नुसती एक धाड घालून भागत नाही, कारण आठवड्याभरात तोच माल किराण्याच्या दुकानातून किंवा कुणाच्या घरातून मिळू लागतो. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी फेरी हवी.

जी मुलं आधीच खातात त्यांच्याशी एकेकट्याने बोला, शक्यतो आशाताईंनी. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाला पांढुरके चट्टे असतील, तर सरळ दंतवैद्याकडे न्या. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी होते. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते भाजलेले चणे किंवा बडीशेप खिशात असू द्या. ‘तंबाखूऐवजी गोड सुपारी’ हा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीमुळेच.

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ रिकामा ठेवू नका. व्हॉलीबॉलची जाळी आणि रोज हजर राहणारा एक मोठा माणूस एवढं पुरतं, पण तो स्वतः खर्रा खाणारा नसावा.

प्रश्न : मुलाच्या दप्तरात पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब आणि फडका सापडला.
– एक आई, नागपूर

उत्तर : वाट पाहू नका. हे सोल्यूशन फडक्यावर घेऊन नशेसाठी हुंगतात. त्या हुंगण्याने हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू ओढवू शकतो. तो नशेत असताना आरडाओरडा, पाठलाग करू नका. त्याने धोका वाढतो. शुद्धीवर आल्यावर बोला, लगेच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.